धारेचा दगड : जाणत्या हातांसाठी



सुरीला धार कशी लावावी हे आज आम्ही सांगणार नाही. आमच्या वाचकांत मटणाच्या दुकानात उभे राहणारे, हॉटेलच्या भटारखान्यात राबणारे आणि केटररकडे दिवसभर कांदा चिरणाऱ्या भगिनीही असतात. त्यांना धार लावायला शिकवणे म्हणजे माशाला पोहणे शिकवणे. परंतु ज्या दगडावर ही धार चढते, त्याची निवड आणि निगा याकडे जाणत्यांचेही दुर्लक्ष होते. सुरी बिघडली की आपण पोलादाला दोष देतो. पुष्कळदा दोष दगडाचा असतो.

जुन्या घरांत निसणा असे. तो बहुधा वाळूच्या दगडाचा किंवा कुरुंदाचा. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा भारतीय भाषांतूनच तिकडे गेला. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा-करडा दगड मात्र बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे आपला 'कार्बोरंडम'. अमेरिकेतल्या अॅचेसन यांनी १८९३ साली त्याचे पेटंट मिळवले. तो झपाट्याने कापतो, म्हणून खांडे पडलेल्या पात्याला उत्तम. पांढरा किंवा तांबूस दगड बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे कृत्रिम कुरुंदच. तो जरा सावकाश चालतो, पण धार नितळ देतो.

आता नंबराचे पाहू. नंबर मोठा तितका दगड बारीक, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण नंबराची मापे निरनिराळी आहेत. जपानी मापाच्या १००० नंबरात कण सुमारे साडेअकरा मायक्रॉनचा असतो. युरोपच्या 'एफ' मापात १००० चा कण साडेचार मायक्रॉनचा, तर पॉलिश पेपरवरच्या 'पी १०००' चा अठरा मायक्रॉनचा! आकडा एकच, बारीकपणा तीन तऱ्हेचा. तेव्हा दुकानदाराला नुसता नंबर विचारू नका, माप कोणते तेही विचारा.

जपानी मापाने सांगायचे तर मोडलेल्या धारेला २२० ते ४००, रोजच्या कामाला १००० आणि शेवटचा हात मारायला ३००० पुरे. मटण कापणाऱ्याने आणि टोमॅटो चिरणाऱ्याने १००० वरच थांबावे. फार गुळगुळीत धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते. साध्या, मऊ स्टीलच्या सुरीवर ८००० चा महाग दगड फिरवणे म्हणजे कष्टाचा पैसा पाण्यात घालणे.

दगड विकत घेतल्यावर खरी कसोटी त्याच्या सपाटीची. रोजच्या घासण्याने मध्ये खड्डा पडतो. मग हात कितीही स्थिर असला तरी प्रत्येक फेऱ्यात कोन बदलतो आणि धार गोल होते. दगडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा. खालून उजेड दिसला तर दगड सपाट करायलाच हवा. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा. जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड घासा. काहीजण दोन दगड एकमेकांवर घासतात. त्यात एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही दोघे एकमेकांत चपखल बसतात, आणि आपली फसगत होते. तीन दगड आळीपाळीने जोडीजोडीने घासले तरच तिन्ही सपाट होतात.

पाणी की तेल, हे पहिल्याच दिवशी ठरवा. तेल प्यालेला दगड पुन्हा पाणी नीट घेत नाही. तेल लावायचेच तर शिलाई मशीनचे पातळ तेल घ्या आणि नंतर सुरी साबणाने धुवा. गोडेतेल चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते. सच्छिद्र पाणदगड बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे भिजवावा. पण काही कडक दगड भिजत ठेवल्यास तडकतात, त्यांना वरून पाणी शिंपडणेच पुरेसे. कोणताही ओला दगड सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जोरात फिरणाऱ्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, धार निळी पडते, पात्याचे पाणी उतरते. पाते नवे घेता येईल, छाती कुठून आणणार? इंग्लंडच्या शेफील्ड शहरात वाळूच्या दगडाच्या चाकांवर सुऱ्या-काटे घासणाऱ्या कामगारांची कथा एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी पस्तिशीतच दगावत. ओल्या दगडावरचे फार तर पंचेचाळिशीपर्यंत जगत. वाळूच्या दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात कायमची बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारे औषध आजही नाही.

म्हणून ज्यांचा धंदाच धार लावण्याचा आहे, त्या बांधवांना आमचे सांगणे आहे : वाळूच्या दगडाचे चाक कोरडे चालवू नका. चाक कसलेही असो, जागा मोकळ्या हवेची असू द्या आणि तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क लावा. नुसत्या रुमालाने ही धूळ अडत नाही. खाली पडलेली भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मालक चाकावर पाणी देत नसेल तर चौघे मिळून मागा. ते मागणे तुमच्या श्वासाचे आहे.