विश्लेषण : ब्रेक लागतो, तरी गाडी का थांबत नाही? पहिल्या पावसात काळ्या मातीच्या रस्त्यांवर नेमके काय घडते?

मृगाचा पाऊस पडला की परभणी जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. शेतात पेरणीची लगबग आणि रस्त्यावर गाड्या घसरण्याचे प्रकार. दुचाकीस्वार पडला की ‘वेगात होता’ किंवा ‘ब्रेक लागला नाही’ असे निदान लगेच होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ब्रेक लागलेला असतो, चाकही थांबलेले असते. थांबत नाही ती गाडी. हिमाचलात बर्फावरून घसरणाऱ्या मोटारींच्या चित्रफिती दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरतात. त्या मोटारींचे आणि काळ्या चिखलावरून घसरणाऱ्या दुचाकीचे दुखणे एकच आहे. ते काय, हे समजून घेऊ.

गाडी कोण थांबवते : ब्रेक की रस्ता?

ब्रेक फक्त चाकाचे फिरणे रोखतो. गाडी थांबवण्याचे काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. मोटारीचा टायर कोणत्याही क्षणी जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या भागातच टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर हजार-बाराशे किलोची मोटार उभी असते. दुचाकीला तर दोनच, आणि तेही अधिक अरुंद. डांबरी रस्त्यावर खडीचे बारीक टोकदार उंचवटे असतात. टायरचे रबर त्यांच्यावर दाबले जाते, त्यांच्या फटींत शिरते आणि रस्ता धरून ठेवते. ही पकड असेल तरच ब्रेकचा जोर रस्त्यापर्यंत पोहोचतो. पकड सुटली, तर कितीही चांगला ब्रेक असला तरी तो थांबलेले चाक घेऊन पुढे सरकणाऱ्या गाडीला रोखू शकत नाही.

काळी माती इतकी निसरडी का?

दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक झिजून ही माती तयार झाली. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्यात तिचे थर खोल आहेत. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि त्यात माँटमोरिलोनाइट गटातील खनिज प्रामुख्याने आढळते. या खनिजाची रचना पातळ पापुद्र्यांसारखी असते. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा त्याचमुळे.

शेतकऱ्याला या मातीची तऱ्हा चांगली ठाऊक असते. वाफसा येईपर्यंत तो शेतात औत घालत नाही, कारण ओली माती फाळाला आणि पायाला चिकटते. हीच माती रस्त्यावर आली की पाण्याच्या प्रमाणानुसार तीन रूपे घेते. कोरडी असेल तर धूळ. थोडी ओली असेल तर टायरला चिकटून त्याच्या खाचा बुजवणारा लगदा. आणखी पाणी मिळाले की पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात आणि रस्त्यावर वंगणासारखा थर तयार होतो. हे तिसरे रूप सर्वांत धोक्याचे. त्यासाठी धो धो पावसाची गरज नसते, भुरभुर पुरते.

पहिलाच पाऊस जास्त घातक का?

उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, झिजलेल्या टायरचे रबर आणि गाड्यांतून गळालेले तेल साचत राहते. पहिल्या हलक्या सरीत हे सगळे पाण्यात कालवले जाते, पण वाहून जात नाही. जोराचा पाऊस बराच वेळ पडला की रस्ता धुऊन निघतो आणि पकड काही प्रमाणात परत येते.

काळ्या मातीच्या प्रदेशात मात्र हा दिलासा टिकत नाही. पाऊस उघडला की ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांतील चिखल काही अंतरापर्यंत सांडत जातात. साइडपट्टीवर मुरूम नसेल, तर समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी खाली उतरलेले प्रत्येक वाहन परत वर येताना माती घेऊन येते. रस्त्याचे काम सुरू असलेल्या ठिकाणच्या वळणरस्त्यांवरही तेच होते. त्यामुळे धुतलेला रस्ता पुन्हा पुन्हा माखतो. पावसाळा संपल्यावर ऊसतोड सुरू होते, तेव्हा ओल्या फडांतून निघणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉली हाच प्रकार पुढे चालू ठेवतात.

बर्फाशी याचा संबंध काय?

डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीनंतर शेकडो वाहने अडकली होती. अटल बोगदा ऑक्टोबर २०२०मध्ये खुला झाल्यापासून मैदानी भागातील चालकांना स्वतःची गाडी घेऊन थेट बर्फात पोहोचणे सोपे झाले आहे. महाराष्ट्रातून जाणारे पर्यटकही त्यात असतात.

ताजा, भुसभुशीत बर्फ टायरखाली दबतो आणि टायरला थोडी तरी पकड देतो. त्यावरून गाड्या जात राहिल्या की तो थापला जाऊन घट्ट, गुळगुळीत होतो. रस्त्याची खडी त्याखाली गाडली जाते. बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो. घसरणाऱ्या टायरच्या घर्षणाने तयार होणारी उष्णता त्यात भर घालते. शिवाय उष्ण हवामानासाठी बनवलेल्या टायरचे रबर थंडीत कडक होते आणि पृष्ठभागाला नीट बिलगत नाही. जर्मनीसारख्या देशात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत ते याचसाठी. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यांच्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात.

चिखल असो वा थापलेला बर्फ, टायर आणि खडी यांच्यामध्ये तिसराच थर येतो आणि तो कमकुवत असतो. गाडी थांबवताना सगळा जोर त्या थरावर येतो आणि तो थरच सरकतो.

फरक किती पडतो?

घर्षणांकावरून याचा हिशेब मांडता येतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.७, ओल्या पण स्वच्छ रस्त्यावर ०.५च्या आसपास, थापलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि निव्वळ गुळगुळीत बर्फावर ०.१पर्यंत असतो. ओल्या चिखलाचा आकडा त्यातील पाण्यानुसार बदलतो. तो ०.२ धरला तर काय होते, ते पाहा.

ताशी ६० किलोमीटर वेगात धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती आणखी २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७ मीटर. ओल्या, स्वच्छ रस्त्यावर एकूण ४५ मीटर लागतात. चिखलाच्या थरावर मात्र एकूण ८८ मीटर, म्हणजे एसटीच्या सात-आठ बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर.

याहून महत्त्वाची बाब अशी की, कोरड्या रस्त्यावर जिथे गाडी पूर्ण थांबली असती, त्या ठिकाणी चिखलावरची गाडी अजून ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगात असते. समोर शाळेतून सुटलेली मुले किंवा उभी बैलगाडी असेल, तर धडक त्या वेगाने बसते. वेग ताशी ३० केला, तर त्याच चिखलावर एकूण २६ मीटर पुरतात. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथ्या हिश्श्यावर येते.

जड गाडी, ‘फोर बाय फोर’ किंवा एबीएस असेल तर?

जड गाडी रस्त्यावर अधिक दाबली जाते, त्यामुळे घर्षण वाढते. पण तिला थांबवायला जोरही तेवढाच जास्त लागतो. त्यामुळे वजनाचा फायदा होत नाही. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी चिखलातून बाहेर पडताना उपयोगी ठरते. थांबताना नाही, कारण ब्रेक सगळ्याच मोटारींच्या चारही चाकांना असतात. उलट अशी गाडी सहज पुढे जाते, म्हणून रस्ता निसरडा असल्याचे चालकाला उशिरा कळते.

एबीएस ही यंत्रणा चाक पूर्ण जाम होऊ देत नाही. २०१९पासून देशात नव्या मोटारींना आणि १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती बंधनकारक आहे. २०१९च्या त्या नियमात त्याहून लहान दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा पुरेशी मानली होती. एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते आणि दुचाकी आडवी होण्याची शक्यता घटते. परंतु रस्त्यावर नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. सैल माती, खडी किंवा भुसभुशीत बर्फावर तर एबीएस असलेली गाडी थोडी उशिरा थांबू शकते. जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग जमवते आणि त्याला अडते. फिरत राहणारे चाक त्यावरून निघून जाते.

दुचाकीला धोका अधिक का?

टायरची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक व वळण यांच्यात वाटली जाते. वळणावर झुकलेल्या दुचाकीची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते. तिथे चिखल आला आणि ब्रेक दाबला, तर पुढचे चाक सरकते आणि तोल सावरायला वेळ उरत नाही. मोटार घसरली तरी चार चाकांवर उभी राहते. दुचाकी पडते, आणि मागून येणारे वाहनही त्याच चिखलावर ब्रेक लावत असते.

उपाय काय?

चालकाने वेग कमी करायचा तो चिखल लागण्याआधी, सरळ आणि स्वच्छ रस्त्यावर. चिखलावर खालचा गिअर, हलका ब्रेक, झटक्याने हँडल न वळवणे आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुपटीहून जास्त अंतर हे पथ्य पाळावे. एबीएस असलेल्या मोटारीत आणीबाणीच्या वेळी पेडल जोराने दाबून तसेच धरावे. ते पायाखाली थरथरले तरी सोडू नये. टायरची नक्षी पावसाळ्याआधी तपासावी. मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर असून खाचेतील खुणेपर्यंत टायर झिजला की तो बदलण्याची वेळ झालेली असते.

मात्र सगळा भार चालकावर टाकून प्रश्न सुटणार नाही. रस्त्यावर माती येते कुठून, याचे उत्तर शेतरस्ता डांबरी रस्त्याला मिळतो त्या जागेत आहे. तिथे काही मीटर खडी किंवा काँक्रीट असेल, तर चाकांतील बराचसा चिखल तिथेच झडतो. राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना राबवण्यात आली. पाणंद रस्त्यांचे खडीकरण जितके होईल, तितकी मुख्य रस्त्यांवरची घसरण कमी होईल. साइडपट्ट्यांवर मुरूम टाकून दबाई करण्याचे काम मेअखेरपर्यंत होणे गरजेचे असते; पाऊस पडल्यावर काळ्या मातीत ते नीट होत नाही.

कायदाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५नुसार सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पेरणीच्या घाईतील शेतकऱ्याला दंड करणे हा पहिला उपाय असू शकत नाही. ट्रॅक्टर रस्त्यावर आणण्यापूर्वी चाके खरवडणे आणि सांडलेला चिखल फावड्याने लगेच ओढून टाकणे याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्याच रस्त्याने संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरातीलही कोणी तरी दुचाकीवरून परतणार असते.