डोळा लाल झाला की आधी तपासणी, मग थेंब

आपल्या वस्त्यांमध्ये डोळा लाल झाला की माणूस दवाखान्यात जात नाही, मेडिकलवर जातो. काउंटरवरूनच डोळा दाखवायचा, समोरचा माणूस एक छोटी बाटली पुढे सरकवतो. दोन दिवसांत लाली उतरते, आणि मग तीच बाटली शेजारच्या घरीही जाते. ही बाटली काही वेळा डोळाच घालवते, हे आता उघडपणे बोललं पाहिजे.

अशा पुष्कळ बाटल्यांमध्ये जंतूंच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लेबलवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं नाव असतं. घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून एकदा वाचून घ्या. ही औषधं शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने मनाई आहे. तरी ती बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात.

धोका नेमका कुठे आहे? लाल डोळा म्हणजे प्रत्येक वेळी 'डोळे आले' असं नसतं. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार पुळ्या येतात ना, त्या हर्पिस नावाच्या विषाणूमुळे. तो बहुधा लहानपणीच लाळेतून, पापा घेण्यातून शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत जन्मभर दबा धरून बसतो. ताप, कडक ऊन, अंगावरचा ताण असं काही निमित्त झालं की जागा होतो आणि काहींच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, जखम करतो. हर्पिस हे नाव ऐकून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणारे घरात असतात, म्हणून स्पष्ट सांगतो: डोळ्याच्या या आजाराचा आणि चारित्र्याचा काही संबंध नाही.

बहुतेक वेळा एकच डोळा लाल होतो. पाणी गळतं, उजेड सहन होत नाही, वाळू गेल्यासारखं खुपतं, नजर धूसर होते. पण या आजारात बुबुळाची संवेदना कमी होते, त्यामुळे जखमेच्या मानाने दुखणं कमी असू शकतं. "फार दुखत नाही, बघू दोन दिवस" म्हणणारी माणसं आम्ही वॉर्डात कितीतरी पाहिली.

तपासणी अगदी साधी आहे. फ्लोरेसिनची केशरी पट्टी डोळ्याला लावायची आणि निळ्या प्रकाशात बघायचं. हर्पिसची जखम झाडाच्या फांद्यांसारखी हिरवी चमकते. एकदा दिसली की विसरत नाही. अशा डोळ्यात नुसतं स्टेरॉइड गेलं तर शरीराचा पहारा झोपतो, विषाणू मोकळा सुटतो, फांद्यांचा नकाशा होतो आणि जखम खोल जाते. वरून मात्र लाली कमी झालेली असते, म्हणून माणूस खूश! पुढे पांढरा डाग राहतो, ज्याला आपण 'फूल पडलं' म्हणतो. जंतूंवरच्या अँटिबायोटिक थेंबांनीही विषाणू मरत नाही. मध, तूप, अंगावरचं दूध यांचं तर नावच नको.

यावर औषध आहे, आणि तेच सांगायचं आहे. असायक्लोव्हिरचं ३ टक्क्यांचं डोळ्याचं मलम दिवसातून ५ वेळा, खालच्या पापणीच्या आत साधारण एक सेंटिमीटर लांबीची वात सोडून. गॅनसायक्लोव्हिरची जेलही मिळते. असायक्लोव्हिरची युक्ती अशी की विषाणूचंच एक द्रव्य त्याला कामाला लावतं, म्हणून ते मुख्यतः बाधा झालेल्या पेशींतच काम करतं. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत घडलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. मलम लावल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं, चुरचुरतं. घाबरून सोडू नका. लाली गेली तरी जखम भरल्यानंतर किमान तीन दिवस ते चालू ठेवावं लागतं. मात्र मनाने महिनोन् महिने लावूही नये, त्यानेही बुबुळ खरखरीत होतं. वारंवार उलटत असेल तर असायक्लोव्हिरच्या गोळ्या डॉक्टर वर्षभर देतात, त्याने आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं.

स्टेरॉइड वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. बुबुळाच्या आतल्या थरात सूज असेल तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर विषाणूच्या औषधाबरोबर ते मोजून देतात. त्यांनी दिलं असेल तर मनाने बंद करू नका.

नागीण हा वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही, गोळ्या लागतात आणि त्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हाव्या लागतात. हे तीन दिवस उतरवणाऱ्याकडे जातात. नागिणीची तोंडं जुळली की माणूस मरतो ही भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचा आम्हाला मनस्वी राग आहे.

आता कुणी म्हणेल, मेडिकलवर जाणारा माणूसच अडाणी. मुळीच नाही. सकाळच्या ओपीडीत उभं राहिलं तर खाडा पडतो, घरकामाला जाणारीचा पगार कापतात. मेडिकल रात्री दहापर्यंत उघडं असतं, म्हणून लोक तिथे जातात. असायक्लोव्हिरचं हे मलम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मग वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात ते का नसावं? फ्लोरेसिनची पट्टी, निळ्या प्रकाशाची बॅटरी, ते वापरायला शिकवलेला माणूस आणि संध्याकाळची दोन तासांची वेळ, एवढीच मागणी आहे. महिला मंडळांनी ती लेखी द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता म्हणतात.

तोवर उजेड खुपणारा, धूसर दिसणारा एकच लाल डोळा असेल तर त्याच दिवशी उपजिल्हा किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयाचा नेत्र विभाग गाठा. अगोदर काही थेंब टाकले असतील तर ती बाटली फेकू नका, सोबत न्या. आत काय होतं हे डॉक्टरांना कळलं पाहिजे.