स्पीकर गात नाही

ऑडिओ केबलवरच्या माझ्या लेखाला महिना उलटला, तरी पत्रं थांबलेली नाहीत. या आठवड्याच्या पत्रांतला सूर एकच: संगीत हा आकड्यांचा विषय नाही, किशोरीताईंचा गंधार तुम्ही कुठल्या यंत्रावर मोजणार?

तो मोजायला मी कधी निघालोच नव्हतो. किशोरीताईंचं गाणं मापात मावत नाही, हे मलाही मान्य आहे. पण स्पीकर गात नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते पदरचं काही न घालता, काही न गाळता खोलीत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. ते त्याने किती इमानाने केलं, हे मोजता येतं आणि मोजलंच पाहिजे. गायिकेचा मान खोक्याला देणं मला पटत नाही.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘कानांवर विश्वास ठेवा’ म्हणणारी बहुतेक मंडळी कानांवर विश्वास ठेवतच नाहीत, डोळ्यांवर ठेवतात. शंका असेल त्यांनी १९९४ सालचा एक प्रयोग समजून घ्यावा. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांचं नाव या सदराच्या वाचकांना नवं नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधून ते हर्मन कंपनीत आले आणि तिथे शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत त्यांनी तो केला. ऐकायला कंपनीतलेच ४० जण होते. स्पीकर चार. दोन मोठे, देखणे, जमिनीवर उभे राहणारे. ते जवळजवळ जुळेच, फरक फक्त आतल्या क्रॉसओव्हरचा. तिसरा दुसऱ्या कंपनीचा. चौथा म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या खोक्यांचा, सबवूफरसह येणारा स्वस्त संच. त्याच माणसांनी हेच स्पीकर एकदा समोर बघत ऐकले आणि एकदा आवाज न अडवणाऱ्या पडद्याआडून.

दिसत होते तेव्हा मोठ्या जोडीचे गुण वाढले आणि प्लॅस्टिकचा संच घसरला. पडद्याआड तोच संच वर सरकला आणि जुळ्यांना जवळपास सारखेच गुण मिळाले. ज्यांना ऐकण्याचा भरपूर सराव होता, तेही यातून सुटले नाहीत.

पण मला या प्रयोगातली सगळ्यात बोलकी वाटते ती पुढची गोष्ट. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो. पडद्याआडून ऐकताना लोकांना हे कळत होतं आणि त्यांचे गुणही त्याप्रमाणे बदलत होते. स्पीकर दिसू लागले, तेव्हा त्याच माणसांना त्या बदलाची फारशी दखलही घ्यावीशी वाटली नाही. नसलेला फरक डोळे ऐकवतात, हे आपण मानत आलो होतो. इथे तर असलेला फरकही त्यांनी ऐकू दिला नाही. कानांची बाजू घेणाऱ्यांनी खरं तर पडद्याचा आग्रह धरायला हवा, कारण पडद्यामुळेच कानांना न्याय मिळतो.

आणि एकदा डोळे बाजूला झाले की कान आणि मोजमाप यांचं भांडण उरतच नाही. २००४ साली ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरची मापं घेतली आणि पडद्याआडच्या श्रोत्यांचे गुण निव्वळ मापांवरून किती वर्तवता येतात ते तपासलं. सहसंबंध निघाला ०.८६, १ म्हणजे तंतोतंत. समोरून सपाट आणि बाजूंनी खाचखळगे न घेता उतरत जाणारा प्रतिसाद असलेले स्पीकर लोकांना आवडतात. अभिरुची ज्याची त्याची, असं आपण म्हणतो खरं, पण चांगल्या आवाजाबद्दल माणसांचं एकमत वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आकड्यांवरचा राग कुठून आला तेही मला ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातींत डिस्टॉर्शनच्या आकड्यातली शून्यं वाढवायची चढाओढ लागली होती. त्या एका आकड्यावरून आवाजाचा अंदाज बांधता येत नव्हता आणि लोकांचा मापांवरचाच विश्वास उडाला. पण माप चुकीचं निवडलं म्हणून मोजणंच सोडून द्यायचं नसतं.

मी पुन्हा पुन्हा सांगत आलो आहे आणि आजही सांगतो: पैसे घालायचेच असतील तर खोलीत घाला. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो आणि नेमका मधोमध बसणाऱ्याला तो जेमतेम ऐकू येतो. कुठलीही केबल हे बदलू शकत नाही. खुर्ची दोन फूट मागे सरकवली तर मात्र फरक पडतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि समोर टीव्हीची मोठी काच, आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की विक्रेत्याचा रिमोटवरचा अंगठा बघा. अर्ध्या डेसिबलने वाढलेला आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘मोकळा’ वाटतो, आणि तेवढ्यावर हजारो रुपयांचा सौदा होतो. दोन्ही बाजूंचा आवाज मीटर लावून सारखा करून मागा. सोबत्याला तुमच्या पाठीमागे अदलाबदल करू द्या आणि कुठला कधी वाजला ते कागदावर लिहून ठेवायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. फरक ओळखता आला तर खुशाल विकत घ्या. दुकानदार याला तयार नसेल, तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा.