ग्रामसभेतील मौन

लोकशाहीत प्रत्येकाला बोलण्याचा अधिकार आहे, हे विधान नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभून दिसते. परंतु चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे सलग मांडता येणे ही एक विद्या आहे आणि ती फार थोड्यांच्या वाट्याला आलेली आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते. तरीही सभेत आवाज ऐकू येतो तो नेहमीच्याच पाच-सात जणांचा. सरपंचबाईंच्या वतीनेसुद्धा पुष्कळ ठिकाणी त्यांचे यजमानच बोलतात! गावाला मिळालेला निधी गटारावर खर्च व्हावा की वाडीवरच्या पाण्यावर, हा निर्णय मग बोलणाऱ्यांच्या सोयीने होतो. न बोलणाऱ्यांची संमती गृहीत धरली जाते.

या लोकांना बोलायचेच नसते, असा निष्कर्ष काढणे सोयीचे आहे, पण तो खरा नव्हे. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभेला सुमारे दहा हजार माणसे होती आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. आठवड्याच्या सुट्टीची ही मागणी गिरणीमालकांना त्याच वर्षी मान्य करावी लागली. (एप्रिलची चोविसावी तारीख दोन्हीकडे यावी हा निव्वळ योगायोग.) वाणी होतीच, तिला शब्दांची जुळणी करून देणारे कोणीतरी पाठीशी उभे राहिले.

आज तसे कोणी उभे राहत नाही. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेने तर उलटेच शिक्षण दिले आहे. भाषण गुरुजींनी किंवा वडिलांनी लिहावयाचे, मुलाने ते पाठ करावयाचे आणि ‘पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणून सुरुवात करून टाळ्या घ्यावयाच्या. शाळेच्या नळाला पाणी नाही, हे आपल्या शब्दांत सांगण्याचा प्रसंग त्या मुलावर कधीच येत नाही. भाषण म्हणजे दुसऱ्याचे शब्द, हा संस्कार मात्र पक्का होतो.

साध्या माणसाला भाषण लिहून देण्याऐवजी ते लिहिण्यास मदत करावयास हवी. आधी त्याला बोलू द्यावे, प्रश्न विचारावेत. अडचण कोणती, कधीपासून, किती घरांना, पूर्वी अर्ज केला असल्यास त्याचे काय झाले, आणि आता नेमके काय हवे? उत्तरे त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. ‘हंडाभर पान्यासाठी दोन तास जात्यात’ या वाक्याचे ‘तीव्र पाणीटंचाई’ करण्याचा मोह शिक्षकांना आणि कारकुनांना विशेष होतो. तो आवरला पाहिजे. मागील वर्षाच्या जमाखर्चातला एखादा आकडा शोधून देणे हे मात्र शिकलेल्यांचे काम होय. आकड्यासह केलेली मागणी हसून उडवता येत नाही. कागदाचा आणखी एक उपयोग असा की तो सभेत वाचून ग्रामसेवकाच्या हाती देता येतो आणि त्याची इतिवृत्तात नोंद करण्याचा आग्रह धरता येतो.

अशाने लोक शिकलेल्यांच्या हातची बाहुली बनतील, असा आक्षेप येईल. धोका खरा आहे. गावातील गट-तट अशा कागदाचा उपयोग करून घेतील, हेही संभवते. पण आज ही माणसे ज्यांच्या मुखाने बोलतात, त्यांच्यापाशी तरी कोणती तटस्थता आहे? मजकूर ज्याचा त्याला वाचून दाखवावा, नको ते वाक्य त्याच्याच सांगण्यावरून खोडावे. वाचता न येणाऱ्या बाईला तीन मुद्दे लक्षात ठेवणे मुळीच जड नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे हिवाळ्यात खेडोपाडी भरतात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यानंतर लगेच येते. शिबिरातल्या दोन संध्याकाळी रस्तेसफाईऐवजी या कामाला द्याव्यात आणि सभेच्या दिवशी विद्यार्थ्यांनी मागे, शेवटच्या रांगेत बसावे.