किरकोळ सुधारणा

इंजिनिअर झाल्यावर मी लिहिलेलं पहिलं खोटं दोन शब्दांचं होतं : ‘किरकोळ सुधारणा’. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पाठवताना काय काय बदललं याची यादी सोबत द्यावी लागते. त्या यादीत मी हे दोन शब्द टाइप केले आणि जेवायला गेलो.

गोष्ट माझ्या पहिल्या नोकरीतली आहे. आमची छोटी कंपनी दूध संस्थांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायची. डेस्कटॉप म्हटल्यावर तुमच्यातल्या निम्म्यांना वाटेल, ते अजून असतं का? असतं. पतसंस्थेच्या काउंटरवर असतं, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये असतं, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतं. तुमच्या हातातल्या ॲपला वर्षाला चार वेळा नवं रूप मिळतं. ही सॉफ्टवेअरं दहा-दहा वर्षं एकाच कळकट कंप्युटरवर चालतात आणि लोकांच्या पैशांचा हिशोब ठेवतात.

संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागते. दुधाचा थोडा नमुना फॅट मशीनमध्ये जातो. मशीन फॅट आणि एसएनएफ मोजून ते आकडे सिरियल केबलमधून कंप्युटरला पाठवतं. ऑपरेटर लिटर टाकतो, एंटर दाबतो, पावती निघते. दर फॅटवर ठरतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. मशीनकडून आकडे घेऊन स्क्रीनवर दाखवायचा भाग मी लिहिला होता.

एक दिवस ऑपरेटरचा फोन आला. ‘सर, एक आक्का भांडायला लागल्यात. म्हशीचं दूध, रोज सातच्या वर फॅट लागते, आज सहालाच थांबली.’ मी विचारलं, ‘मशीन नीट आहे?’ म्हणाला, ‘आहे.’ मग मी आमच्या धंद्यातलं सर्वांत लोकप्रिय वाक्य बोललो : ‘रीस्टार्ट करून बघा.’ त्याने केलं. पुढचे सगळे आकडे व्यवस्थित आले. म्हणजे सॉफ्टवेअर नीट आहे हे सिद्ध झालं. सॉफ्टवेअर नीट, मशीन नीट, म्हणजे दुधात पाणी. रांगेतल्या चाळीस माणसांसमोर हा निकाल लागला. त्या म्हणाल्या, ‘माझ्या म्हशीचं दूध मला म्हाईत न्हाई व्हय?’ त्यावर ऑपरेटर म्हणाला, ‘आक्का, कंप्युटर खोटं बोलत नाही.’

आठवड्याभरात हे आणखी दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळी आक्कांनी पुढच्या माणसाची पावती मागून घेतली आणि स्वतःच्या पावतीशेजारी ठेवली. फॅट तीच, एसएनएफ तेच, दशांशापर्यंत तेच. दोन घरच्या दोन म्हशी एवढ्या एकमताने दूध देत नाहीत. एरर शोधण्याचं जे काम करायचा मला पगार मिळत होता, ते त्यांनी दोन कागद शेजारी ठेवून केलं.

मी लॅपटॉप घेऊन केंद्रावर गेलो आणि तासाभरात माझीच चूक सापडली. सिरियल केबलमधून येणारी अक्षरं एकदम येतीलच असं नसतं. कधी अर्धी ओळ आधी येते, उरलेली काही मिलिसेकंदांनी. माझा प्रोग्राम अर्ध्या ओळीलाच पूर्ण समजून तिच्यातून आकडे कापायला जायचा, ते सापडायचे नाहीत आणि एक्सेप्शन यायचं. ऑफिसमध्ये फॅट मशीन नव्हतं. तिथे मी मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम वापरायचो आणि तो गुणी बाळासारखा दर वेळी पूर्ण ओळ पाठवायचा.

पण ही चूक खरी चूक नव्हे. सिरियल पोर्टवर ती नवशिक्याची नेहमीची चूक आहे. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत अक्षरं साठवत राहायचं, एवढाच त्यावर उपाय. खरी चूक पुढे आहे. डेमोच्या आदल्या दिवशी तो एररचा चौकोन एकदा स्क्रीनवर उमटला होता. डेमोत तो दिसायला नको म्हणून मी सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये टाकला आणि कॅचचा कंस रिकामा ठेवला. रिकामा कॅच म्हणजे प्रोग्रामला दिलेली सूचना : काहीही बिघडलं तरी गप्प बस आणि पुढे चालू लाग. प्रोग्राम गप्प बसला. नवा आकडा आला नाही, म्हणून स्क्रीनवर आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहिला. ऑपरेटरने एंटर दाबलं. पावती निघाली.

एररचा चौकोन आला असता तर काय झालं असतं? ऑपरेटर वैतागला असता, नमुना पुन्हा लावला असता, मला शिव्या घातल्या असत्या. दोन मिनिटं गेली असती. ती दोन मिनिटं मी वाचवली आणि त्यांची किंमत एका बाईच्या अब्रूने चुकवली. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बिघडणारा प्रोग्राम परवडला. बिघडल्याचं लपवणारा प्रोग्राम नको. आणि आपण, म्हणजे माझ्या वयाचे, माझ्या डिग्रीचे लोक, दुसऱ्या प्रकारचे प्रोग्राम बनवण्यात तरबेज झालो आहोत.

गावातल्या डेअरीच्या गोष्टीला एवढं मोठं करू नकोस, असं वाटत असेल तर ब्रिटनकडे बघा. तिथल्या पोस्टाने १९९९पासून शाखांमध्ये फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशोबाची प्रणाली बसवली. काउंटरच्या हिशोबात तूट दिसायला लागली. पोस्ट म्हणालं, प्रणाली नीट आहे, म्हणजे पैसे तुम्ही खाल्ले. १९९९ ते २०१५ या काळात शाखा चालवणाऱ्या ९००हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांच्यामुळे खोटी तूट दिसू शकत होती. शेवटी २०२४मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

त्यातला एक दोष स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. २०१५मध्ये तिथे ८,००० पौंडांची रोकड नोंदवताना स्क्रीन अडकल्यासारखी झाली. एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं आणि तीच नोंद चार वेळा झाली. हिशोबात २४,००० पौंडांची तूट. अडकलेली स्क्रीन आणि पुन्हा दाबलेलं बटण! डेस्कटॉप प्रोग्रामिंगमधली याहून साधी तक्रार शोधून सापडणार नाही. त्या देशात कोर्टही कंप्युटर बरोबर चालत होता असंच गृहीत धरून चालायचं. आमचा ऑपरेटर तेच मराठीत बोलला होता.

आता आमच्या धंद्यातली बाकीची लोकप्रिय वाक्यं घ्या. वरवर ती सल्ला वाटतात, पण प्रत्येक वाक्य आपलं काम समोरच्याच्या गळ्यात घालतं.

‘माझ्या मशीनवर चालतं.’ चालणारच. तुझ्या मशीनवर सगळ्या लायब्ऱ्या आहेत, सगळे हक्क आहेत, सोळा जीबी रॅम आहे. ग्राहकाकडे एखादी डीएलएल फाइल नसते आणि प्रोग्राम उघडतच नाही. त्याला काय काय लागतं ते त्याने सोबत न्यावं किंवा इन्स्टॉल होतानाच तपासावं. ते तपासायची जबाबदारी ग्राहकाची नाही.

‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की प्रोग्राम आपला डेटा प्रोग्राम फाइल्स या फोल्डरमध्येच लिहितो. विंडोज साध्या युजरला तिथे लिहू देत नाही. जुन्या प्रोग्रामच्या बाबतीत तर ती ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या खासगी फोल्डरमध्ये वळवते. मग सकाळचा ऑपरेटर एका लॉगिनने बसतो, संध्याकाळचा दुसऱ्या, आणि दोघांना दोन वेगळे हिशोब दिसतात. उपाय काय? डेटा प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये ठेवणं आणि कोणाला लिहिता येईल ते इन्स्टॉल करतानाच ठरवणं. सगळ्यांना ॲडमिन करणं म्हणजे कुलूप अडकतं म्हणून दारच काढून ठेवणं.

‘हँग झालंय, जरा थांबा.’ खिडकी रंगवणं आणि क्लिक ऐकणं हे काम एकच थ्रेड करतो. आपण महिन्याचा रिपोर्ट काढायचं ओझं त्याच्याच डोक्यावर देतो. पाचेक सेकंद त्याने उत्तर दिलं नाही की विंडोज वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते. माणूस घाबरून चार वेळा क्लिक करतो. ते क्लिक वाया जातीलच असं नाही; थ्रेड मोकळा झाल्यावर तेही चालू शकतात. जड काम दुसऱ्या थ्रेडवर द्या, तोवर बटण बंद ठेवा आणि प्रत्येक नोंदीला असा क्रमांक द्या की तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर डेटाबेसच ती नाकारेल.

‘नाव इंग्रजीतच टाका.’ याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. देवनागरी १९९१पासून, म्हणजे युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, युनिकोडमध्ये आहे. तरीही आपण टेबलात नावाचा कॉलम जुन्या पद्धतीचा ठेवतो आणि साठवताना ‘लक्ष्मी’ची प्रश्नचिन्हं होतात. ती प्रश्नचिन्हं म्हणजे फॉन्टची गडबड नसते. मूळ अक्षरं पुसली गेलेली असतात, कोणताही फॉन्ट ती परत आणत नाही. आणि महाराष्ट्रात, महाराष्ट्रातल्या माणसाला, महाराष्ट्रातलाच इंजिनिअर सांगतो की तुमचं नाव तुमच्या लिपीत लिहू नका.

यावर मला नेहमी मिळणारी उत्तरं माहीत आहेत. पहिलं : ‘एरर दाखवली की युजर घाबरतो.’ तो घाबरतो, कारण आपण त्याला इंग्रजीत हेक्साडेसिमल आकडे दाखवतो. ‘मशीनकडून आकडा आला नाही. ही नोंद झालेली नाही. नमुना पुन्हा लावा.’ हे वाचून कोण घाबरेल? काय झालं, माझ्या नोंदीचं काय झालं, आता मी काय करू, या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्या भाषेत द्यायला हवीत.

दुसरं : ‘डेडलाइन असते.’ हे खरं आहे. मीही डेमोच्या आदल्या रात्रीच तो कंस रिकामा ठेवला होता. पण त्या कंसात वेळ आणि एररचा मजकूर फाइलमध्ये लिहिणारी एक ओळ टाकायला अर्धं मिनिट लागतं. ती लॉग फाइल असती तर आक्कांना दोन पावत्या घेऊन भांडावं लागलं नसतं. अर्धं मिनिट मिळत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. मला ते सुचलंच नाही.

का सुचलं नाही, याचं उत्तर कॉलेजात आहे. व्हायवाला एक्सटर्नल विचारतात, ‘एक्सेप्शन हँडलिंग कशासाठी?’ आपण सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर : ‘प्रोग्राम क्रॅश होऊ नये म्हणून.’ पूर्ण मार्क. हे उत्तर चूक आहे. एक्सेप्शन हँडलिंग असतं ते प्रोग्रामने खोट्या माहितीवर पुढे जाऊ नये म्हणून. कधी कधी त्यासाठी प्रोग्रामने तिथल्या तिथे बंद पडणंच योग्य असतं. चार वर्षं जर्नलमध्ये अपेक्षित आउटपुट चिकटवणाऱ्या मुलांना चुकीचं आउटपुट ही लपवायची गोष्ट वाटते, यात नवल नाही.

आता त्या दोन शब्दांकडे येतो. मी कोड दुरुस्त केला : पूर्ण ओळ येईपर्यंत थांबायचं, प्रत्येक नमुन्याआधी जुना आकडा पुसायचा, नवा आकडा आल्याशिवाय पावती छापायची नाही. मग मी बॉसना म्हटलं, लागोपाठच्या दोन नोंदींत फॅट आणि एसएनएफ तंतोतंत सारखे असतील तर त्या शोधता येतील, एका क्वेरीचं काम आहे. ते म्हणाले, ‘जुनं उकरून काढू नकोस.’ मी काढलं नाही. केंद्रावर आक्कांनी मला विचारलं होतं, ‘काय झालतं रं बाळा?’ मी म्हणालो होतो, ‘वायरचा प्रॉब्लेम होता.’ वायर निर्दोष होती. आक्काही.

त्या कंपनीत मी आता नाही. पण ती यादी पुन्हा लिहायला मिळाली तर मी असं लिहीन :

‘या आधीच्या आवृत्तीत काही वेळा एका उत्पादकाची फॅट आणि एसएनएफ पुढच्या उत्पादकाच्या पावतीवर छापली जात होती. चूक आमच्या प्रोग्रामची होती. मशीन, ऑपरेटर किंवा दूध घालणारे यांचा त्यात दोष नव्हता. अशा संशयास्पद नोंदींची यादी सोबत जोडली आहे. कृपया फरकाची रक्कम पुढच्या बिलात द्यावी आणि ही सूचना केंद्रावर सगळ्यांना दिसेल अशी लावावी.’

टाइप करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.