मण्याचा हिशेब

वाणिज्य शाखेचा आणि विज्ञानाचा काय संबंध, असे आमच्या वर्गात नेहमी विचारले जाते. माझ्या मते दोहोंचा पाया एकच आहे, तो म्हणजे मोजमाप.

तेल मोजण्यापूर्वी दुकानदार रिकाम्या डब्याचा धडा करून घेतो. जिवंत पेशी किती जोराने ओढते, हे शास्त्रज्ञही अशाच रीतीने मोजतात. जेलीसारख्या मऊ थरात ते प्लॅस्टिकचे मणी मिसळतात. एकेक मणी मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा असू शकतो. एका रंगाचा प्रकाश पडताच तो दुसऱ्या रंगात चमकतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नेमका टिपता येतो. थरावर बसलेली पेशी ओढू लागली की मणी सरकतात. पेशी काढून टाकली की मूळ जागी येतात. हाच त्यांचा धडा! दोन छायाचित्रांतील फरक आणि थराचा ताठपणा यांवरून ओढीचा हिशेब निघतो. जखम भरताना आणि कर्करोग पसरतानाही पेशी अशाच ओढत सरकतात, म्हणून या हिशेबाला मोल आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मलिक यांच्या गटाने मण्याचा निराळा उपयोग केला. पेशीने गिळलेला मणी आतले प्रथिनांचे हमाल वाहून नेतात. तो मणी लेसरच्या चिमट्यात धरून त्यांनी हमालांचे बळ मोजले. या चिमट्याच्या शोधासाठी आर्थर ॲश्किन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. 'डायनीन' नावाच्या एका हमालाचे बळ सुमारे एक पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. परंतु अनेक डायनीन एकजुटीने मोठे ओझे ओढतात, असे या गटाने २०१३ साली दाखवून दिले.

मणी, ओढ, धडा, हमाल हे सारे शब्द आपल्या घरचेच आहेत. 'मणी' तर कन्नडातही मणीच! मग दहावीपर्यंत मराठीत शिकलेली जनवाड्याची कितीतरी मुले पी.यू.सी.ला विज्ञानाची वाट का सोडतात? बुद्धी कमी म्हणून नव्हे, पुस्तक इंग्रजीत म्हणून.

परिभाषेचे काय, असे कोणी म्हणेल. डायनीनला डायनीनच म्हणावे. त्याचे काम मात्र आपल्या भाषेत सांगावे. अशा संस्था सरकारी पैशावर, म्हणजे आपल्या सर्वांच्या करावर चालतात. ज्याचा पैसा, त्याला हिशेब कळला पाहिजे.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, दरमहा विज्ञानावर एक व्याख्यान मराठीत व एक कन्नडात ठेवावे, आणि ते सर्व शाखांना खुले असावे.