बोलतं करणारं ॲप

माणसांनी एकमेकांशी मनातलं बोलावं म्हणून मोबाईलवर ॲप काढायचं, ही कल्पना ऐकली की माझ्या पिढीतले बहुतेक लोक हसतात. "म्हणजे आता बोलायचं कसं हेही फोनच शिकवणार का?" असं म्हणून विषय संपवतात. मला हसू येत नाही. असं ॲप असावं असंच मला वाटतं. फक्त ते कसं असावं आणि कसं नसावं याबद्दल माझी काही मतं आहेत, ती आज मांडते. ३२ वर्षं वर्गात मुलांना बोलतं करण्यात गेली, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहायला हरकत नसावी.

निमित्त घरचंच आहे. माझ्या भाचीची मुलगी आणि तिचे दोन मित्र मिळून असं ॲप तयार करताहेत. (नातेवाईक मंडळींना कोण ते कळलंच असेल.) कल्पना साधी आहे. घरातली दोन माणसं समोरासमोर बसणार, ॲप एक प्रश्न दाखवणार, एकाने विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मग उलट. तिने मला प्रश्नांची यादी तपासायला दिली. शिक्षिकेला यादी दिली की ती लाल पेन घेऊन बसणारच!

पहिला आक्षेप असा की मनातलं बोलायला साधन कशाला लागतं? लागतं हो. आपल्याकडे तर कायम लागत आलं आहे. उखाणा म्हणजे दुसरं काय? जिने नवऱ्याचं नाव घेणंसुद्धा शिष्टसंमत नव्हतं, तिला चारचौघांत ते घ्यायला लावणारी ती युक्ती होती. भोंडल्याच्या गाण्यांतून सासरच्यांची थट्टा करायची मुभा सुनांना मिळायची. तेच एरवी बोललं असतं तर घरात महाभारत झालं असतं. "खेळातलं आहे" एवढ्या आडोशाने किती तरी खरं बोलून घेता यायचं.

आणि सर्वांत मोठं साधन म्हणजे जातं. पहाटे दळायला बसलेल्या बायका ओव्यांतून माहेर, नवरा, सासू, लेकीचा वियोग, सगळं बोलून मोकळ्या व्हायच्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'परी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत. जरूर ऐका. विजेच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर ती बोलायची जागाही गेली. तिच्या बदल्यात आपण काय दिलं? काही नाही. त्यामुळे कोणी नवी जागा करू म्हणत असेल तर मी तिला नावं ठेवणार नाही.

जात्याकडून ॲप करणाऱ्यांनी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दळताना हात गुंतलेले असतात आणि नजर जात्यावर असते. एकमेकींच्या डोळ्यांत बघून बोलायची सक्ती नसते. माझा अनुभव असा की आपली माणसं शेंगा सोलताना, भाजी निवडताना, अंधारात गच्चीवर पडल्या पडल्या जेवढं बोलतात तेवढं समोरासमोर खुर्चीत बसवल्यावर बोलत नाहीत. म्हणून मुलांनो, तुमच्या ॲपच्या पहिल्याच पानावर "शांत जागी समोरासमोर बसा" असं लिहिलं आहे ते काढा. "हातात काहीतरी काम घ्या" असं लिहा.

आता प्रश्नांविषयी. प्रश्नांनी माणसं जवळ येतात याला आधार आहे. अमेरिकेत आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून काहींना नुसते वरवरचे प्रश्न दिले, तर काहींना सोप्यापासून हळूहळू खोल जाणारे ३६ प्रश्न, बारा-बाराच्या तीन गटांत. सगळा मिळून पाऊण तासाचा खेळ. दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. तिथेच २००३ साली डेव्ह आयसे यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभारून 'स्टोरीकोअर' सुरू केलं. ओळखीच्या दोघांनी आत जायचं आणि ४० मिनिटं एकमेकांची मुलाखत घ्यायची, मदतीला एक कार्यकर्ता. २०१५ साली त्यांनी त्याचं ॲपही काढलं. म्हणजे आमच्या मुलीची कल्पना काही अगदीच जगावेगळी नाही.

पण तिच्या यादीत मला खटकलं ते असं, की सगळे प्रश्न इंग्रजीतून उचलून मराठीत बसवलेले. "तुमच्या आयुष्यातील सर्वाधिक अर्थपूर्ण क्षण कोणता?" असा प्रश्न आमच्या गावाकडच्या मावशीला विचारला तर ती आधी पदर सावरून बसेल आणि मग म्हणेल, "मला काय कळतंय त्यातलं!" हा सत्कार समारंभातला प्रश्न झाला. आपल्याकडे माणसाच्या मनात वस्तूच्या दारातून शिरावं लागतं. "हा पितळी डबा कुठून आला ग?" असं विचारून बघा. डब्यावरचं नाव, ते कोरून देणारा भाऊ, त्या भावाशी नंतर तुटलेलं बोलणं, सगळं अर्ध्या तासात बाहेर येतं. "अर्थपूर्ण" हा शब्द न वापरता.

दुसरी अडचण संबोधनाची. इंग्रजीत एका 'यू'मध्ये सगळे बसतात. मराठीत मुलगा आईला 'तू' म्हणतो आणि वडिलांना बहुतेक घरांत 'तुम्ही'. जुन्या पिढीतली बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि तो तिला 'अगं'. ॲपने सगळ्यांना सरसकट 'तुम्ही' केलं तर आईशी बोलणारा मुलगा बँकेतल्या कारकुनासारखा वाटेल, आणि सरसकट 'तू' केलं तर सून सासऱ्यांपुढे तो प्रश्न वाचूच शकणार नाही. तेव्हा आधी "कोण कोणाशी बोलतंय?" हे विचारा आणि मगच प्रश्नाचं रूप ठरवा. काम वाढेल, पण मराठीत ॲप करायचं तर ते करावं लागेल.

तिसरी गोष्ट थांबण्याची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतली संभाषणं तपासली. तिला दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. लगेच दुसऱ्याला विचारतात, किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. शिक्षकांनी तीन सेकंद किंवा जास्त थांबायला सुरुवात केली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. यात थांबण्याच्या जागा दोन होत्या. एक प्रश्नानंतर आणि दुसरी उत्तरानंतर. ही दुसरी जागा आपण विसरतो. समोरच्याचं वाक्य संपलं की आपण टपलेलेच असतो. खरी गोष्ट पुष्कळदा त्या संपलेल्या वाक्याच्या पुढे असते.

तेव्हा ॲपने प्रश्न दाखवून पडदा काळा करावा आणि गप्प बसावं. "पुढचा प्रश्न" हे बटण लगेच दिसू नये. आकडे उलटे मोजणारं घड्याळ तर मुळीच नको, ते परीक्षेत शोभतं.

हे सगळं मी एवढं पोटतिडकीने का लिहिते आहे? ओळखीतल्या एका बाईंमुळे. त्यांना विचारून लिहिते आहे. वय ८१. मुलगा परदेशात, मुलगी मुंबईत. दर रविवारी न चुकता व्हिडिओ कॉल होतो. मुलं गुणी आहेत, त्यात शंका नाही. कॉलवर विचारतात, "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का? पाऊस काय म्हणतोय?" बाई सगळ्याला हो म्हणतात. त्यांना मात्र एक सांगायचं आहे. आपला शेवट आला तर आपल्याला नळ्या लावून अतिदक्षता विभागात ठेवू नये, घरी राहू द्यावं. दोनदा त्यांनी विषय काढला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "काहीतरीच काय बोलतेस आई! शंभर वर्षं जगशील."

"काहीतरीच काय!" हे आपल्या घरातलं सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत पक्कं कुलूप आहे. त्यात दुष्टावा नसतो, भीती असते. पण बोलणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दार बंद होतं ते होतंच.

आणि हा विषय काही नुसत्या भावनेचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली आहे. सुरुवातीला त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतात. म्हणजे कायद्याने वाट करून दिली. पण तो कागद करायचा तर त्याआधी मुलांशी बोलायला हवं, आणि प्रसंग आला तर डॉक्टरांसमोर उभी राहणार आहेत ती मुलंच. त्यांनी आईचं ऐकलेलंच नसेल तर कागद कपाटात राहील आणि नळ्या लागतील.

अशा ठिकाणी मला त्या ॲपचा उपयोग दिसतो. प्रश्न आईनेही काढलेला नाही आणि मुलानेही नाही. "हे बघ, यात असं विचारलंय," असं म्हणता येतं. पूर्वी उखाणा जो आडोसा द्यायचा, तोच हा. शिकागो विद्यापीठातले निकोलस एप्ली आणि त्यांचे सहकारी मायकेल कार्दास व अमित कुमार यांनी २०२१ साली दाखवून दिलं, की खोल विषयावर बोलताना जेवढं अवघडल्यासारखं होईल असं माणसांना आधी वाटतं, तेवढं प्रत्यक्षात होत नाही. ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्यात किती रस असेल याचा अंदाजही आपण कमीच करतो. थोडक्यात, भीती मोठी असते आणि उंबरठा लहान. कोणी हात धरून तो ओलांडायला लावला तर बरंच असतं.

पण हात धरणाऱ्याने कुठे थांबायचं हेही कळायला हवं. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचीच वाक्यं उलटसुलट करून प्रश्न विचारायचा, बाकी त्याला काही कळत नव्हतं. तरी त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. ते ६० वर्षांपूर्वीचं साधं यंत्र होतं. आजची यंत्रं तर किती तरी हुशार आहेत, कंटाळत नाहीत, "काहीतरीच काय" म्हणत नाहीत. मग आई त्यांच्याशीच बोलेल, आणि मुलाला वाटेल, चला, आईला सोबत झाली. मला भीती वाटते ती याची. एकट्या माणसाला रात्री यंत्राचा आधार वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. पण नळ्या लावू नका हे यंत्राला सांगून काय उपयोग? दवाखान्याच्या दारात ते उभं राहणार नाही.

म्हणून ॲपने मध्यस्थासारखं वागावं. स्थळ सुचवावं, गाठ घालून द्यावी आणि अक्षता पडल्या की निघावं. संसारात येऊन राहू नये. "आज तुम्ही बोलला नाहीत" अशा सूचना पाठवू नयेत. किती दिवस सलग बोललात याचे बिल्ले देऊ नयेत. बोलणं आपोआप साठवूनही ठेवू नये. दोघांनी हो म्हटलं तरच साठवावं, आणि एकाने पुसा म्हटलं की पुसावं. एखाद्या बाईने ५० वर्षांनी तोंड उघडलं आणि ते कुठल्या तरी कंपनीच्या कपाटात जाऊन पडलं, तर ती पुन्हा बोलणार नाही. आणि हो, "आत्ता नको" असं एक बटण ठळक असू द्या. न बोलण्याचाही माणसाला हक्क आहे. सगळंच उकरून काढायचं नसतं.

काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्यावर या ॲपमधून पैसा कसा मिळणार? तो हिशोब मला येत नाही. मला एवढं कळतं की चांगल्या शिक्षकाची परीक्षा वर्ग त्याच्यावाचून चालतो का यावर होते. तुमच्या ॲपचीही तीच परीक्षा. दोन-चार वेळा वापरल्यावर घरातल्यांना त्याची गरज उरली नाही, तर तुम्ही पास.

तोवर ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांच्यासाठी माझं एकच सांगणं. येत्या रविवारी आईचा फोन झाला की "जेवलीस का" विचाराच, पण त्यानंतर घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूविषयी विचारा. आणि तिचं वाक्य संपलं की मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा.